मुलांसाठी काम करायचंय? खानदेशात सुरुवात अशी करा

दरवर्षी समाजकार्याचे निकाल लागले की चार-दोन फोन येतातच. "ताई, लहान मुलांसाठी काम करायचंय, कुठून सुरू करू?" कुणी अमळनेरहून विचारतं, कुणी शहाद्याहून. एखादी बारावी झालेली गृहिणी असते, गल्लीतल्या दोन पोरक्या भावंडांनी तिची झोप उडवलेली असते. फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. कायदा देशभर सारखाच आहे. पण काम जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये करायचं तर इथली बोली, हंगामी स्थलांतर आणि घाटरस्ते माहीत असायला हवेत.

आधी माझी एक चूक

कामाचं पहिलंच वर्ष होतं. दिवाळी होऊन गेली होती. नंदुरबार स्टेशनवर आठ-नऊ वर्षांचा मुलगा एकटा सापडला आणि त्याच्याशी बोलायला मला बोलावलं. मी वही-पेन काढून शाळेतल्या मराठीत विचारलं, "बाळा, तू घरातून का पळून आलास?" तो खाली बघत राहिला. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय उघडा. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. मी लिहून मोकळी झाले: "बालक माहिती देण्यास तयार नाही."

दोन दिवसांनी बालगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशींनी ताटात भाकर वाढता वाढता त्याला सहज विचारलं, "भूक लागनी का रे?" पोरगं हमसून रडायला लागलं आणि म्हणालं, "मी पळनू नही. गाडी निंघी गई." आईबाप ऊसतोडीला बारडोलीकडे निघाले होते. अमळनेरला सगळे गाडीत बसले, नंदुरबारला हा पाण्याची बाटली भरायला उतरला आणि गाडी सुटली. दुसरी चप्पल गाडीमागे धावताना निसटली होती. ती चप्पल मी पाहिली होती, पण तिच्याबद्दल त्याला एक शब्द विचारला नव्हता.

'पळून' हा माझा शब्द होता. त्या शब्दाने त्याचं तोंड बंद झालं आणि त्याची आई दोन दिवस जास्त रडली. म्हणून या लेखात पुढे कितीही पायऱ्या आल्या तरी माझं सांगणं एकच आहे: मुलाला त्याच्या बोलीत ऐकायचं आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवायचं. बाकी सगळं शिकता येतं.

पहिली पायरी: कोण कुठे बसतं ते पाहून या

नोकरीचा अर्ज करायच्या आधी एक आठवडा काढा आणि आपल्या जिल्ह्याची व्यवस्था डोळ्यांनी पाहा. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं कार्यालय हे मुख्य ठाणं. त्याच्याशी जोडलेला जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. त्यात संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि क्षेत्रीय कार्यकर्ते काम करतात. तुमच्यापैकी बहुतेकांची पहिली नोकरी इथे किंवा एखाद्या संस्थेच्या बालगृहात असेल.

मग बाल कल्याण समिती. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कुठे राहील, कुणाकडे जाईल, हे ही समिती ठरवते. महिन्यात किमान २० दिवस तिने बसायचं असतं. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत समितीपुढे उभं करावं लागतं. 'प्रवासाचा वेळ वगळून' या शब्दांचं महत्त्व धडगावच्या माणसाला विचारा. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की तळोदाच गाठणं मुश्कील होतं. म्हणून समिती बसलेली नसेल तर एका सदस्यापुढेही मुलाला हजर करता येतं, हे लक्षात ठेवा. सदस्यांचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

ज्या मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचं म्हटलं जातं त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. तिथे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. अशा मुलाला कायद्याच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. 'बालगुन्हेगार' हा शब्द तोंडातून आणि कागदावरून आजच काढून टाका. मुलाखतीतही हा शब्द वापरलात की समोरचे कान टवकारतात, आणि ते बरोबरच आहे.

प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. तो कोण हे ठाण्यातल्याच निम्म्या लोकांना माहीत नसतं. तुम्ही विचारून ठेवा.

आणि १०९८. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, आधी संस्था चालवायच्या. २०२३ पासून ती शासनाकडे आली आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडली गेली. नंबर तोच आहे.

गावातून आत शिरा

नोकरी नसताना काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण उत्तर सोपं आहे. आपल्या गावात ग्राम बाल संरक्षण समिती आहे का ते पाहा. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, सोबत पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा. कागदावर ती जवळपास प्रत्येक गावात आहे, बैठक मात्र कुठे कुठेच होते. सेविकाताईंकडे जाऊन म्हणा, "ताई, पुढच्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहून देते." त्यांच्या डोक्यावर आधीच पोषण आहार, वजन-उंची आणि मोबाइलवरच्या नोंदी असतात. मदतीचा हात त्या नाकारत नाहीत. सहा महिने असं केलं की गावात कुठलं मूल शाळेत येईनासं झालंय, कुणाच्या घरात दारूचा धिंगाणा चालतो, कुठल्या मुलीचं 'पाहणं' चाललंय, हे तुम्हाला कुठल्याही सर्वेक्षणाआधी कळतं.

दुसरी वाट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. तिथे विधी स्वयंसेवक नेमतात, प्रशिक्षण देतात, कामाच्या दिवसाचं मानधनही असतं. वकील असायची गरज नाही. कोर्टाची पायरी चढायची भीड चेपते, हा मोठा फायदा. पुढे पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, प्रकरणात एखाद्या मुलीला आधार देणारी व्यक्ती म्हणून बाल कल्याण समिती तुम्हाला नेमू शकते. मुलीच्या जबाबापासून निकालापर्यंत तिच्या सोबत राहायचं आणि पुढे काय होणार ते तिला वेळेआधी समजावायचं, असं ते काम आहे. मला विचाराल तर या क्षेत्रात याच्याइतकी गरजेची माणसं दुसरी नाहीत.

बारावी झालेल्या स्थानिक स्त्रियांसाठी अंगणवाडी सेविका-मदतनीस ही वाट आहेच. रिकाम्या जागांची जाहिरात बालविकास प्रकल्प कार्यालय काढतं आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. फलक वाचायची सवय लावून घ्या.

शिक्षण आणि जागा

यासाठी मुंबई-पुण्याला जावंच लागतं असं नाही. अमळनेर, जळगाव आणि चोपडा इथे समाजकार्य महाविद्यालयं आहेत, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेली. बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यूच्या क्षेत्रकार्यासाठी बालगृह, निरीक्षणगृह (चौकशी चालू असताना विधिसंघर्षग्रस्त मुलं राहतात ते) किंवा बाल संरक्षण कक्ष मागून घ्या. बरेच विद्यार्थी घराजवळचं ठिकाण घेतात आणि दोन वर्षं सह्या गोळा करतात. पुढे मुलाखतीत "एक केस सांगा" म्हटलं की तिथेच घोडं अडतं.

मानसशास्त्र किंवा विधी शिकलेल्यांनाही समुपदेशक आणि विधी तथा परिविक्षा अधिकारी या जागा खुल्या असतात. बालविकास प्रकल्प अधिकारी व्हायचं तर लोकसेवा आयोगाची परीक्षा आहे.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते. बाल संरक्षण कक्षातल्या बहुतेक जागा मिशन वात्सल्य या बाल संरक्षणाच्या केंद्रीय योजनेखाली कंत्राटी आहेत. योजनेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सामाजिक कार्यकर्ता आणि समुपदेशकाचं मानधन महिना १८,५३६ रुपये आणि क्षेत्रीय कार्यकर्त्याचं १०,५९२ रुपये धरलेलं आहे. ते दर महिन्याला ठरल्या तारखेला हातात पडेलच असं धरून घराचा हप्ता ठरवू नका. घरच्यांनाही हे आधी सांगा, नंतर सांगण्यात भांडणं होतात. जाहिरात जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळावर भरती विभागात येते. पदवी, अनुभवाचा दाखला, संगणकाचं प्रमाणपत्र आणि जातीचा दाखला एका फायलीत तयार ठेवा. चारित्र्य पडताळणीही लागते. मुलांजवळ जाणाऱ्या माणसाची ती झालीच पाहिजे, त्यामुळे मागितली तर राग मानू नका.

अर्जात आणखी एक गोष्ट ठळक लिहा, जी लोक लाजून लिहीत नाहीत: अहिराणी येते, पावरी येते, भिली समजते, मावची बोलता येते. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलीशी पावरीत बोलणारा कार्यकर्ता दहा प्रमाणपत्रांना भारी पडतो.

पहिली गृहभेट

गृहभेटीला जाताना दुचाकी दारात नेऊन उभी करू नका. गाडी पारावर किंवा शाळेपाशी ठेवा आणि चालत जा. सरकारी वाटणारं माणूस कुणाच्या दारात थांबलं की गल्ली गोळा होते आणि त्या घराचं नाव खराब होतं. गळ्यातलं ओळखपत्र पिशवीत ठेवा, विचारलं की दाखवा.

कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला गेलात तर घराला कुलूप असेल. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीला जा. पाणी दिलं तर प्या. चहा दिला तर घ्या, पण कपात दूध बघा: घरात दूध नसून शेजारून आणलं असेल तर पुढच्या वेळी "मी काळाच पिते" म्हणा.

आत गेल्यावर वही लगेच काढू नका. चूल, झोपायची जागा, मुलाचं दप्तर, औषधांच्या बाटल्या, भिंतीवरचे फोटो पाहा. एकदा पारोळ्याकडच्या एका घरात आजी सांगत होती की नात शाळेत रोज जाते. खुंटीवर दप्तर होतं. त्याच्या पट्ट्यावर कोळ्याचं जाळं होतं. मी आजीला खोटं पाडलं नाही. "दप्तर छान आहे, कुणी घेतलं?" एवढंच विचारलं. आजी म्हणाली, तिच्या बापाने, जाण्याच्या आधी. आणि मग अर्धा तास बोलली. बाप वारल्यावर आई मजुरीला सुरतला गेली, आजीचे गुडघे धरले, धाकट्या भावाला सांभाळायला नात घरी बसली. आजीला दोष देऊन उठले असते तर यातलं काहीच कळलं नसतं.

मुलाशी एकट्याशी बोला, पण बंद दाराआड नाही. ओटा बरा, गोठा बरा. त्याच्या उंचीला बसा. "का" ने प्रश्न सुरू करू नका; 'का' मध्ये आरोप ऐकू येतो. "मग काय झालं?" विचारा. अत्याचाराची गोष्ट निघाली तर तपशील खणू नका, तो पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा. आणि "मी कुणाला सांगणार नाही" हे वचन कधीही देऊ नका. पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे अशी माहिती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. दिलेलं वचन मोडलं की ते मूल पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसावर भरवसा ठेवत नाही.

अहवाल लिहिताना

सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती समितीला सांगणारा कागद, १५ दिवसांत द्यायचा असतो. त्यावर मुलाचं पुढचं आयुष्य ठरतं, आणि तरीही मी 'आई बेजबाबदार', 'बालक उद्धट' अशी वाक्यं भरलेले अहवाल वाचले आहेत. ही मतं आहेत. पाहिलेलं लिहा: "मंगळवारी सायंकाळी साडेसहाला गेले तेव्हा घरात पीठ होते, तेल नव्हते. आई शेतातून आलेली नव्हती. मुलीने भावाला भाकर करून दिली." शेजाऱ्याने सांगितलेलं असेल तर 'शेजाऱ्याने सांगितले' असं लिहा, आणि त्या शेजाऱ्याचं बांधावरून भांडण आहे का तेही तपासा. मुलाचं वाक्य अवतरणचिन्हात, त्याच्या बोलीत लिहा, खाली मराठी अर्थ द्या. समितीतल्या सदस्याला त्या एका वाक्यातून जे कळतं ते तुमच्या पानभर विश्लेषणातून कळत नाही. अहवाल त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी आपलं मत आठवणीत मिसळलेलं असतं.

कागद जमवून देणं हीच अर्धी सेवा

नवख्यांना वाटतं आपण मुलांची सुटका करत फिरणार. खरं तर दाखले गोळा करण्यात दिवस जातात, आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ, एक पालक असलेल्या किंवा आईबाप गंभीर आजारी असलेल्या मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत ही रक्कम १,१०० होती. त्या आजीच्या नातीला शाळेत परत नेलं ते याच पैशाने. अर्जाला मुलाचं आणि पालकाचं आधार, शाळेचं बोनाफाइड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, वारलेल्या पालकाचा मृत्यूदाखला, बँक पासबुक आणि घरासमोर पालकासोबत काढलेला फोटो लागतो. घोडं बहुतेक वेळा मृत्यूदाखल्यावर अडतं. माणूस सुरतच्या दवाखान्यात वारला असेल तर दाखला तिकडून आणावा लागतो, आणि दोन लहान मुलं असलेल्या बाईला ते एकटीने जमत नाही. तिच्यासोबत जा, किंवा तिकडे असलेल्या गावातल्या कुणाला तरी गाठा.

मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व योजना वेगळी. त्यात महिना ४,००० रुपये आहेत, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० च्या आत लागतं. कुणाला कुठली योजना बसते हे कक्षातल्या माणसासोबत बसून ठरवा. गावात जाऊन "चार हजार मिळतील" असं मोघम बोलू नका. न मिळालेले पैसे लोक तुमच्या नावावर मांडतात.

आखाजी, ऊसतोड आणि यात्रा

खानदेशात मुलांचं काम ऋतूंनी चालतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास साक्री, नवापूर, चाळीसगाव आणि सातपुड्याच्या पायथ्याची कुटुंबं उसाच्या फडाकडे निघतात. टोळी निघायच्या आधीच मुख्याध्यापकांना भेटून मुलांची शिक्षण हमी कार्डं भरून घ्या, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येईल. गावात हंगामी वसतिगृह होणार असेल तर आजी-आजोबांना आधी पटवावं लागतं. सारंगखेड्याच्या यात्रेत गर्दीत मुलं चुकतात. तिथे स्वयंसेवक म्हणून चार दिवस उभं राहणं हे नवख्यासाठी उत्तम प्रशिक्षण आहे. मात्र सापडलेल्या मुलाला स्वतःच्या घरी नेऊ नका, अगदी एका रात्रीपुरतंही नाही. १०९८ लावा आणि पोलीस येईपर्यंत तिथेच त्याच्याजवळ बसा.

सगळ्यात कठीण पंधरवडा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीचा. माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, घराघरांत गाणी असतात, आणि त्याच मुहूर्तावर लहान मुलींची लग्नंही उरकली जातात. मुलगी १८ च्या किंवा मुलगा २१ च्या आत असेल तर तो बालविवाह. ग्रामीण भागात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. २००६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि लग्न लावणारे, त्यात हातभार लावणारेही त्यात येतात. दंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम मिळवता येतो. माझा अनुभव असा की हळदीच्या दिवशी पोलीस घेऊन जाण्यापेक्षा पत्रिका छापायच्या आधी मुलीच्या मामाला भेटणं जास्त उपयोगी पडतं. मामाचा शब्द घरात चालतो. मुलीच्या शाळेचा दाखला पाहून ठेवा, कारण आधारवरची जन्मतारीख अंदाजे टाकलेली असू शकते.

आणि लग्न झालेलंच असेल, सोळा वर्षांची मुलगी गरोदर असेल, तर? दवाखाना पोलिसांना कळवणार हे घरच्यांना माहीत असतं, म्हणून ते तिला दवाखान्यात नेतच नाहीत. मी ठामपणे सांगते, आधी तिचं बाळंतपण दवाखान्यात झालं पाहिजे. तिच्यासोबत तुम्ही जा, त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा, आणि पुढे काय काय होईल ते तिला तिच्या बोलीत आधीच सांगा. कायद्यापासून लपवायचं नाही, पण मुलीला एकटीही सोडायचं नाही.

फोटोबद्दल एकच ओळ: संकटातल्या मुलाचा फोटो, नाव, गाव, शाळा कुठल्याही ग्रुपवर टाकणं गुन्हा आहे, चेहरा झाकला तरी गावावरून मूल ओळखू येतं.

पिशवीत काय असावं

पाण्याची बाटली, बिस्किटाचे दोन पुडे, एक कोरी वही आणि रंगखडू, सॅनिटरी पॅड, लहान-मोठ्या मापाच्या चपलांचे दोन जोड. चपला मी त्या मुलानंतर ठेवायला लागले. फोनमध्ये शिल्लक आणि चार्जिंग. धडगावच्या पुढे काही पाड्यांवर रेंज येत नाही, म्हणून नंबर कागदावरही.

प्रकरण बंद झालं, पैसे सुरू झाले, मूल घरी गेलं, की फाइल कपाटात जाते. तुम्ही मात्र जूनच्या मध्याला शाळा उघडल्यावर एक चक्कर मारा. मुख्याध्यापकांच्या शब्दावर थांबू नका. हजेरीपट मागून घ्या आणि त्यावर मुलीचं नाव आणि नावापुढच्या पहिल्या पंधरा दिवसांच्या खुणा स्वतः वाचून या.